कालव्यांची लागवड

विद्यापीठाचा लखोटा आला तेव्हा गुरुदास रेवंडकर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या डकवत बसले होते. मालवणची खारी हवा जुन्या चिठ्ठ्या वर्षभरही टिकू देत नसे. लखोटा घेऊन दाजी स्वतः आले. दाजी म्हणजे कॉलेजचे हेडक्लार्क. टपाल वाटत फिरणे हे काही त्यांचे काम नव्हे. पण या लखोट्याची वाट ते सरांइतकीच पाहत होते, कारण विद्यापीठाला गेलेल्या प्रस्तावाच्या सातही प्रती त्यांच्याच हातच्या होत्या.

"जाड आसा, सर," लखोटा तळहातावर तोलत ते म्हणाले. "नकाराचा पत्र एका पानाचा आसता. ह्या जाड आसा. पेढे काढा."

"उघडून तरी बघूया, दाजी."

गुरुदासांच्या बोटांना खळ लागली होती. पत्र उघडताना कागद बोटांना चिकटला आणि कोपऱ्यात जरासा फाटला. तेवढ्यानेही ते खजील झाले. मग उभ्या उभ्या वाचू लागले.

तज्ज्ञ परीक्षकांनी काढलेले आक्षेप सोबत जोडले आहेत, नियम नऊप्रमाणे पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक आक्षेपाला उत्तर यावे, न आल्यास प्रस्ताव रद्द समजला जाईल, असे पहिल्या पानावर होते. पत्राची तारीख आठ फेब्रुवारी. आज तेरा. म्हणजे पाच दिवस टपालातच गेले होते.

दुसऱ्या पानावर पहिला आक्षेप होता: "कालव्याचा उगम कोठे व शेवट कोठे, हे नमूद केलेले नाही."

उगम! गुरुदासांना वाटले, परीक्षक मोठा विद्वान दिसतो. शिंपल्यासारख्या कवचात राहणाऱ्या कालवांची ही जात मुळात कुठून आली, असे त्याला विचारायचे असणार. हे आपण खरेच लिहिले नव्हते. अठरा वर्षे खाडीत उभे राहून कालवे मोजली आणि ती मूळची कुठली, हे सांगायचेच राहिले. आपलीच चूक. दुसरा आक्षेप तळाच्या उताराविषयी आणि एकूण लांबीविषयी होता. तोही त्यांना पटला. खडपाचा, म्हणजे खाडीतल्या खडकाचा, उतार द्यायला हवा होता. तिसरा आक्षेप त्यांनी दोनदा वाचला, मग खिडकीपाशी उजेडात जाऊन पुन्हा वाचला.

"या कालव्याचा लाभ किती गावांना व किती एकर जमिनीस मिळणार? समुद्राचे खारे पाणी शेतीस अपायकारक असते, याचा विचार झालेला दिसत नाही."

आणि चौथा: "कालव्याची 'लागवड' हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. कालव्याच्या काठावरील झाडांची लागवड असे म्हणावयाचे असावे." पाचवा तर दोनच ओळींचा होता: "पावसाळ्यात कालवे पातळ होतात, हे विधान समजले नाही. कालवा पातळ कसा होतो?"

गुरुदास बरण्यांच्या बाकावर बसले.

"काय झाला?" दाजींनी विचारले.

त्यांनी कागद पुढे केला. दाजींनी चष्मा चढवला, ओठ हलवत वाचले, आणि मग एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या वर्गातली गडबड क्षणभर थांबली.

"सर! अवो, ह्या घाटावरच्या इंजिनेराक वाटला, तुमी मालवणात पाण्याचो कालवो खणतास!"

गुरुदासांना हसू आले नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एकतीस मार्च ही तारीख उभी होती.

कालवे म्हणजे खाडीच्या तोंडाशी, खडपांवर धरणारे ते कवचातले प्राणी. ओहोटी लागली की कोळंबच्या खाडीतल्या बाया कोयत्या घेऊन उतरतात, खडपावरून कालवे फोडून काढतात आणि मालवणच्या बाजारात पानांवर वाटे लावून विकतात. गुरुदासांचे आजोळ तिथलेच. प्राणिशास्त्राची नोकरी लागल्यापासून ते दर ओहोटीला एक पट्टी आणि एक वही घेऊन खडपावर जात, आणि गेली काही वर्षे वहीतले आकडे सारखे खाली येत होते. कालवे लहान असतानाच फोडली जात होती. पुरती वाढलेली कालवे खडपावर राहतच नव्हती. खाडीत कौले आणि जुनी कवचे दोरीला टांगून त्यांवर कालवे धरवता येतील, असे त्यांना पुस्तकांतून वाचून ठाऊक होते. करून बघायला एक होडी, थोडे साहित्य आणि दोन वर्षे हवी होती.

मागल्या वर्षी एका आगबोट कंपनीच्या मालकांनी आपल्या आईच्या नावाने 'रुक्मिणीबाई किनारा संशोधन निधी' सुरू केला. गुरुदासांनी त्याची जाहिरात वाचनालयात चार दिवस जाऊन चार वेळा वाचली. अर्ज मराठीत हवा, एकतीस मार्चपूर्वी पोचायला हवा, विद्यापीठामार्फत यायला हवा, आणि अर्जदाराचे वय पन्नासच्या आत हवे. येत्या जूनमध्ये गुरुदासांना पन्नास पुरी होत होती. म्हणजे पासष्ट साली नाही जमले, तर कधीच नाही.

आणि हे केवळ त्यांच्यापुरते नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी धीर करून खाडीतल्या सत्यवतीला एक गोष्ट सांगितली होती. सत्यवती त्या बायांची पुढारीण. अंगाने सडसडीत, जिभेने तिखट. मधला खडप दोन वर्षे कुणी फोडू नये, मग बघू कालवे किती वाढतात; तोवर आपण कुठून तरी पैसे आणू आणि तुमच्या वाडीसाठी कालवांची शेती करू, असे ते अडखळत बोलले होते. तिने कमरेवर हात ठेवून सगळे ऐकले.

"मास्तरानू, दोन वर्सां म्हणतास. तेवड्यात पोटाक काय बांधू? पट्टी?"

"बाजूचे खडप आसत मा..."

"आसत. आणि मधल्याची कालवां सगळ्यात बरी, ता तुमका म्हायत आसा म्हणानच मधलो मागलास." मग जरा थांबून ती म्हणाली होती, "बरा. तुमी कदी कोणाकडे काय मागूक नाय. दोन वर्सां. पण फुडे माका तोंड दाखवूक येवचा लागात हां."

तेव्हापासून मधला खडप राखलेला होता; गुरुदासही मोजायला बाजूच्या खडपांवरच जात. कुणी कोयती लावली तर सत्यवती काठावरून शिव्यांनी खाडी दणाणून सोडी.

एवढे सगळे ज्या कागदावर टांगलेले होते, त्या कागदाची ही तऱ्हा झाली होती, आणि तऱ्हा कशी झाली हे गुरुदासांना नीट आठवत होते.

विद्यापीठाने नुकतीच एक पुस्तिका काढली होती: 'बाहेरील निधीसाठी पाठवावयाच्या संशोधन प्रस्तावांची छाननी व रवानगी : नियम'. एकूण बावीस नियम. गुरुदासांनी ते पाठ केले होते म्हटले तरी चालेल. छापलेली गोष्ट कुणीतरी विचार करूनच छापली असणार, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत. सात प्रती. विभागप्रमुखांची सही, विभागात ते एकटेच असल्याने ती त्यांनी स्वतःच केली. प्राचार्यांची शिफारस. परीक्षकाला आधी फक्त एक पानी सारांश जायचा, त्याच्या आक्षेपांना उत्तरे आली की मग पूर्ण प्रस्ताव. परीक्षकाचे नाव गुप्त. अर्जदाराने निधीशी परस्पर पत्रव्यवहार करू नये.

जानेवारीत दाजी सारांशाची स्वच्छ प्रत काढायला बसले तेव्हा पहिल्याच ओळीवर त्यांचा टाक अडला होता.

"सर, हय तुमी 'कालवांची मोजणी' लिवलास. शुद्धात 'कालव्यांची' होता."

"असा? माका वाटला..."

"बोलताना 'कालवां' ठीक आसा. ह्या विद्यापीठात जातला. आपला बोलणा थय कशाक धाडूचा? कालवे, कालव्यांचे, कालव्यांना. मी बारा वर्सां कचेरीत काडलंय, सर."

गुरुदासांना मनातून 'कालवांची'च बरोबर वाटत होते. पण जिभेवर आहे ते अशुद्ध आणि दुसरा सांगतो ते शुद्ध, असेच त्यांना जन्मभर वाटत आले होते. ते म्हणाले, "मगे तसा करा." आणि दाजींनी सुंदर वळणदार अक्षरात शीर्षक लिहिले: 'मालवण खाडीतील कालवे : कालव्यांची मोजणी, संवर्धन व लागवड'.

दुसरा अर्थ दोघांच्याही डोक्यात आला नाही. येणार कुठून? त्यांच्या मुलखात पाण्याचा कालवा नव्हताच. ओहोळाचे पाणी पावसाळ्यानंतरच्या वायंगणी भातशेतीला नेतात त्याला म्हणतात पाट. कालवा होता तो भूगोलाच्या पुस्तकात, आणि तोही पंजाबात.

आता दाजींचे हसणे थांबले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "सर, ता 'कालव्यांची' मी केलंय."

"मी होय म्हटलंय, दाजी."

"तुमी कदी नाय म्हणतास!"

हे दाजी रागाने म्हणाले की अपराधी होऊन, ते गुरुदासांना कळले नाही.

प्राचार्य घाटावरचे होते. मोठ्या उत्साहाने इकडे आले होते आणि समुद्राच्या आवाजाने झोप लागत नाही अशी तीन वर्षे तक्रार करत होते. त्यांनी आक्षेप वाचले आणि कागद टेबलावर ठेवला.

"म्हणजे हा कालवा नव्हे?"

"नाही, सर. कालवे. खडकावर धरतात ती."

"शिंपले!"

"शिंपले वेगळे, सर. कालव एका बाजूने खडकाला..."

"तेच ते. रेवंडकर, खरं सांगू का? मला तेव्हाच आश्चर्य वाटलं होतं. म्हटलं, हा प्राणिशास्त्राचा माणूस कालवा कशाला खणतोय? पण म्हटलं असेल एखाद्याला गावाची कळकळ."

गुरुदासांनी विचारले, "सर, आपण शिफारशीत काय लिहिलं होतं?"

प्राचार्यांनी फाइल उघडली. शिफारस होती: 'या भागातील पाणीटंचाई लक्षात घेता योजना अत्यंत उपयुक्त आहे.'

"पण सर, पान तीनवर मी लिहिलंय की कालवे उकडून खातात."

"पान तीन!" प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. "अहो, पान तीनपर्यंत पोचायला मला वेळ कुठला? कॉलेजला छप्पर घालायचंय मला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. शीर्षक चुकलं असं कळवलंत, तर मी काय वाचून शिफारस केली असं विचारतील. त्यापेक्षा उत्तरं देऊन टाका. उगम अमुक ठिकाणी, शेवट तमुक ठिकाणी, उतार शंभराला एक. पुढे निधी आला की तुमचे शिंपले काय ते मोजा. कोण बघायला येणार आहे?"

गुरुदास उठले. दाराशी जाऊन वळले. "कालवे, सर," ते म्हणाले. पण प्राचार्य तोवर छपराच्या कागदांकडे वळले होते.

दोन एस.टी. बदलून आणि घाट चढून गुरुदास विद्यापीठात पोचले तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. संशोधन शाखेचे अधीक्षक वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी गुरुदासांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. असा भला माणूस भेटल्यावर काम होणार, असे गुरुदासांना वाटू लागले.

"मग फक्त शीर्षकात दुरुस्ती हवी," ते म्हणाले. "'कालव्यांची' ऐवजी 'कालवांची'. एक अक्षर, साहेब. अर्धंच."

"नियम अकरा," अधीक्षक म्हणाले. "नोंदणी झाल्यावर शीर्षकात बदल करता येत नाही. केल्यास तो नवा प्रस्ताव धरला जातो."

"मग नवा धरा."

"नव्याची मुदत एकतीस जानेवारीला संपली."

"पण ही चूक आहे हे तुम्हाला पटतंय ना?"

"पूर्ण पटतंय." अधीक्षकांनी खरेच मान हलवली. "अहो, विषयवारी शीर्षकावरून होते. माणसं दोन, प्रस्ताव दीडशे. मागल्या वर्षी आंब्याच्या मोहोरावरचा एक आला होता. तो गेला इतिहासवाल्यांकडे. सोन्याची मोहोर समजून."

"मग त्याचं काय झालं?"

"त्यांनी मंजूर केला."

गुरुदासांनी परीक्षकांना भेटता येईल का, असे विचारले. नाव गुप्त. एक चिठ्ठी तरी पोचवाल का? आक्षेपांच्या उत्तराखेरीज काही पाठवता येत नाही.

"तुम्ही असं करा," अधीक्षक कळवळून म्हणाले, "उत्तरं द्या. काय उत्तर द्यावं, हे नियमात कुठे सांगितलेलं नाही. प्रत्येक आक्षेपाला उत्तर हवं, एवढंच. उत्तरं आली की पूर्ण प्रस्ताव त्यांच्याकडे जाईल. मग ते आणि तुम्ही."

बाहेरच्या व्हरांड्यात एक बाक होता. गुरुदास तिथे फाइल मांडीवर घेऊन बसले. प्राचार्यांचे बोलणे त्यांच्या कानांत होते. उगम कोळंब, शेवट सर्जेकोट, उतार शंभराला एक. लिहायला पाच मिनिटेही लागली नसती. त्यांनी टोपण काढले, 'उगम :' असे लिहिले आणि थांबले. हा फार मोठा सचोटीचा क्षण होता असे नाही. खोटा कालवा खणायचा तर त्यासाठी कालव्याची थोडी माहिती लागते, आणि ती त्यांना नव्हती. उद्या कुणी सहावा आक्षेप काढला तर काय सांगणार? शंभराला एक म्हणजे फार की थोडा, तेही त्यांना ठाऊक नव्हते.

मग त्यांनी ठाऊक होते ते लिहिले.

'उगम : पाण्यात तरंगणारी पिले. शेवट : बहुधा टोपलीत. तळाचा उतार : मोजलेला नाही, खडक जांभा असून भरतीत पूर्ण बुडतो. लांबी : तीन इंच, पूर्वी साडेतीन. लाभ : कोळंब खाडीकाठच्या एकतीस घरांना. शेतीस अपाय नाही. लागवड हा शब्द बरोबर आहे, कारण प्रस्तुत प्रस्तावातील कालवे सजीव आहेत. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, तेव्हा त्यांचे अंग पातळ व बेचव होते. बाया त्या दिवसांत ती फोडीत नाहीत.'

शेवटच्या ओळीखाली त्यांनी सही केली. अधीक्षकांनी कागद वाचला. 'लांबी तीन इंच'पाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. पण आक्षेप पाच होते आणि पाचांची उत्तरे कागदावर होती. त्यांनी शिक्का मारला.

मार्च उजाडला. शिमगा आला आणि गेला. गुरुदास रोज टपालाच्या वेळी कचेरीच्या दारातून जात आणि काही काम नसल्यासारखे परत येत. दाजी आतूनच मान हलवत. एकदा बाजारात सत्यवतीने त्यांना गाठले. तिच्यासमोर पानांवर कालवांचे वाटे होते, आणि गुरुदासांनी सवयीने आधी त्यांच्याकडे पाहिले. लहान होती.

"हेंका काय बगतास? माका बगा," ती म्हणाली. "शिगमो झालो. दोन वर्सां भरली. काय झाला तुमच्या कागदाचा?"

"विद्यापीठात आसा."

"थय काय करता?"

"तपासतत."

"कालवां तपासूक कोण आसा थय? तेनी कदी खाल्ल्यानी तरी?"

शेजारची म्हातारी कोळीण फिसकन हसली. गुरुदासांनी खाली पाहिले. "सत्यवती, ह्या म्हयन्याच्या अखेरीपर्यंत. तेवडा थांब."

"मी थांबान हो. बाकीच्यो बायो माका गाळी घालतत. म्हणतत, मास्तराक खडप आंदण दिलंस काय?" मग तिने आवाज जरा उतरवला. "आमच्या वाडीतल्या नर्मदेचो घोव मुंबयसून पैसे धाडणा नाय. तिका मी सांगलंय, एकतीस तारखेपर्यंत मधल्याक हात लावशीत तर बग. फुडे मी कोणाक अडवूचंय नाय."

सत्तावीस तारखेला लखोटा आला. या वेळी दाजींनी तो तोलून पाहिला नाही. एकच पान होते, आणि त्याला परीक्षकाच्या अभिप्रायाची नक्कल टाचलेली होती. गुरुदासांनी आधी नक्कल वाचली.

'मी पाटबंधाऱ्यांचा अभियंता आहे. अर्जदाराची उत्तरे आल्यावर पूर्ण प्रस्ताव मागवून दोन वेळा वाचला. यातील कालवे हा प्राणी आहे. मी पूर्वी घेतलेले सर्व आक्षेप मागे घेतो व त्यांबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. अठरा वर्षांची मोजमापे एका माणसाने घेतली आहेत, याचे मला फार कौतुक वाटले. तथापि, विषय माझ्या ज्ञानाबाहेरचा असल्याने शिफारस करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. योग्य परीक्षकाकडे पाठवावा. एक शंका केवळ कुतूहलाने विचारतो: पिलू खडकाला प्रथम चिकटते ते भरतीत की ओहोटीत?'

त्याखालचे विद्यापीठाचे पत्र चार ओळींचे होते. नियम सतरा अन्वये दुसरा परीक्षक नेमण्याचा विषय छाननी समितीच्या पुढील बैठकीत घेतला जाईल. बैठक बारा एप्रिलला आहे.

दाजींनी दोन्ही कागद वाचले आणि टेबलावर आपटले.

"काय माणूस आसा! हेका जरा खोटा बोलाक काय झाला हुता? 'बरा आसा, पाठवा,' तीन शब्द! कालवो समाजलो तेवा पाच आक्षेप काडल्यान, आणि कालवां समाजली तेवा सोवळ्यात गेलो!"

"तो खरा बोललो, दाजी."

"होय तर! सगळ्या विद्यापीठात एकच खरो माणूस, आणि तो आमच्याच वाट्याक इलो!"

प्राचार्य एवढेच म्हणाले, "मी तुम्हाला मार्ग सांगितला होता, रेवंडकर."

त्या दुपारी गुरुदासांनी आयुष्यातला पहिला नियम मोडला. तार ऑफिसात जाऊन निधीच्या कचेरीला परस्पर तार केली: अर्ज वाटेत आहे, कृपया एप्रिलअखेर थांबावे. तारेच्या कागदावर 'कृपया' दोनदा लिहून एकदा खोडले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. अर्ज विद्यापीठामार्फत आल्यासच विचार होईल, मुदत वाढवता येत नाही. त्यानंतर आठवड्याभराने विद्यापीठाकडूनही खुलासा मागणारे पत्र यायचे होते, पण ते त्यांना तेव्हा माहीत नव्हते.

एकतीस तारीख बुधवारी आली आणि इतर तारखांसारखीच गेली.

गुरुदासांना सगळ्यात जास्त छळत होती ती अभियंत्याची शंका. अठरा वर्षांत कालवांविषयी त्यांना कुणी प्रश्न विचारला नव्हता. विद्यार्थी विचारत ते परीक्षेत येणार का एवढेच. उत्तर त्यांच्याजवळ होते, निदान त्यांना तसे वाटत होते: भरतीच्या शेवटी, पाणी घटकाभर थबकते तेव्हा. चार पाने भरतील इतके ते लिहू शकले असते. पण ते कोणत्या नावाने, कोणत्या पत्त्यावर पाठवावे, हे बावीस नियमांत कुठेच नव्हते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली ओहोटी होती. गुरुदास खाडीवर गेले. रात्रभर त्यांनी वाक्ये जुळवली होती, पण सत्यवती समोर आल्यावर त्यांतले एकही आठवले नाही.

"नाय झाला," ते म्हणाले.

"ता तुमच्या चालण्यावरसून कळला." ती काठावर उकिडवी बसून कोयतीला दगडावर धार लावत होती. मागे दहा-बारा बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. "कित्याक नाय झाला? तुमचा काय चुकला?"

"एक अक्षर."

सत्यवतीने कोयती थांबवली. ती शाळेत गेली नव्हती. "एक?" ती म्हणाली. "मगे ता पुसून दुसरा लिवूक येना नाय?"

गुरुदासांना विद्यापीठातले अधीक्षक आठवले, पाणी देणारे, मान हलवणारे. या प्रश्नावर त्यांनीही मानच हलवली असती.

"म्हणजे आता फोडू?"

"फोडा."

ती उठली. मागे वळून तिने हात केला, आणि बाया साड्यांचे काष्टे खोचून पाण्यात उतरल्या. मधल्या खडपावर दोन वर्षांनी कोयती पडली. खटखट आवाज चहूकडून सुरू झाला. गुरुदास काठावरच उभे होते. मग त्यांनी वहाणा काढल्या, धोतर वर घेतले आणि तेही पाण्यातून खडपावर गेले.

पहिली टोपली अर्धी भरली होती. त्यांनी खिशातून पट्टी काढली, वरचेच एक कालव उचलले आणि पट्टीवर ठेवले. नीट बसले नाही असे वाटून पुन्हा ठेवले. साडेचार इंच. त्यांच्या वह्यांत चार इंचांचे कालव एकदाही आले नव्हते. दुसरे उचलले. सव्वाचार. तिसरे पाच भरले.

"सत्यवती!" ते ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज तिथे कुणीच ऐकला नव्हता. "गो, ही बग! पाच इंच!"

"मगे?" ती फोडता फोडताच म्हणाली. "दोन वर्सां कोणी हात लावूक नाय. रवली, खाल्ल्यानी, व्हडली झाली. ह्या कळाक इद्यापीठ कित्याक होया?"

बाया हसल्या. गुरुदासही हसले असते, पण त्यांनी वही काढली होती. त्यांच्या प्रस्तावात जे सिद्ध करून दाखवीन असे लिहिले होते, ते टोपलीत पडत होते, आणि तासाभरात बाजारात वाट्यांवर जाणार होते. त्यांनी एकेक उचलायला सुरुवात केली. मापायचे, लिहायचे, बाजूला ठेवायचे. साडेचार. चार. पावणेपाच. ओले आकडे कागदावर फुटत होते. कवचांच्या धारेने बोट कापले, ते त्यांनी धोतराला पुसले. एकेचाळीसपर्यंत आले तेव्हा पाणी घोट्यावर आले होते.

"मास्तरानू, बेगीन. भरती लागली."

"अर्धी रवली."

"आमका बाजार गावूचो नाय."

"दहा तरी. दहाच."

सत्यवतीने खाडीकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले, आणि टोपलीत दोन्ही हात घालून ओंजळभर कालवे त्यांच्या वहीवर ओतली. ती दहा होती की आठ, ते तिने बघितले नाही. बाकीची टोपली तिने डोक्यावर घेतली आणि बायांच्या मागोमाग गुडघाभर पाण्यातून काठाकडे निघाली. गुरुदासांनी वही तिरकी धरली, वरचे कालव पट्टीला लावले आणि बेचाळीसचा आकडा घातला.